एकाच रस्त्यावर पोदेर, शाळकरी मुलं आणि रोडबाइकवाले: सायकलसाठी नेमकं मागायचं काय?

मेरशीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या आमच्या भागातला एक रस्ता पाइप आणि गटारासाठी खणून झाला आहे. आता तो नव्याने बांधताना ‘सायकल ट्रॅक’ घालायचं चाललंय आणि लेखी सूचना मागवल्या आहेत. कुंपणाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत १२ मीटर रुंदी, लांबी १.४ किलोमीटर, मध्ये ११ फाटे, एक शाळा, एक बसथांबा, टोकाला सर्कल. आज दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. मध्ये दुभाजक घालायचाही बेत आहे.

सायकली कोणाच्या, तर सकाळ-संध्याकाळ पोदेर (सायकलवरून घरोघर पाव विकणारे), बांधकामावर जाणारे कामगार, शाळेची मुलं, रविवारी पहाटे दोनापावल्याकडे निघालेला रोडबाइकवाल्यांचा घोळका आणि मोसमात भाड्याच्या सायकलवरचे पर्यटक. विचारलं तर प्रत्येकाचं मागणं निराळं. कुणाला कठड्याआडचा ट्रॅक हवा, कुणी म्हणतं ट्रॅक नकोच, फक्त खड्डे बुजवा. सूचनेच्या कागदावर ‘सायकलस्वारांना सुरक्षित सुविधा द्यावी’ असं मोघम लिहून उपयोग नाही, एवढं कळतंय. मापं, साहित्य, नेहमीच्या चुका असं ठोस सांगाल का?

---

साइडपट्टी

आधी रुंदीचा हिशेब मांडा, मग इच्छा. पोर्टलंड शहराच्या रॉजर गेलर यांनी २००६च्या सुमारास लोकांचे चार गट पाडले होते: कुठेही सायकल घालणारे एक टक्क्याहून कमी, आत्मविश्वासाने चालवणारे सुमारे ७, मनात आहे पण भीती वाटते असे ६०, आणि काही झालं तरी नको म्हणणारे ३३ टक्के. जगभर हेच चित्र दाखवून ‘त्या ६० टक्क्यांसाठी बांधा’ असं सांगतात. आपल्याकडे ते अर्धंच लागू पडतं. पोदेर आणि कामगार यातल्या कुठल्याच गटात बसत नाहीत. रस्ता चांगला असो वा वाईट, त्यांना सायकलच चालवायची आहे. म्हणून आराखडा करणारे त्यांना मोजत नाहीत. ते येणारच आहेत, मग त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं, असा हिशेब.

आता १२ मीटर. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे फुटपाथ धरले की ३.६ गेले, उरले ८.४. गाड्यांच्या दोन लेन प्रत्येकी ३ मीटर, म्हणजे ६. उरले २.४, दोन बाजूंना वाटून १.२. या १.२ला ट्रॅक म्हणून रंग लावतील आणि फोटो काढतील. एकतर्फी ट्रॅक २ मीटरचा नसेल तर एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही. कडेला १५ सेंटिमीटरचा उभा कर्ब (कडेचा उंच काठ) असेल तर त्याच्यापासून तीसेक सेंटिमीटर प्रत्येक जण आपोआप दूर राहतो. मग १.२मधले वापरात येतात ९० सेंटिमीटर. पोदेराची पाठीमागची टोपली त्यातच गेली.

एकाच बाजूला दुतर्फा ट्रॅक घालू म्हणतील, फुटपाथ ३.६, गाड्यांना ५.५, ट्रॅक २.५ आणि गाड्या-ट्रॅकमधली मोकळी पट्टी ०.४, बरोबर १२ भरतात. कागदावर सुरेख. पण फाटे ११ आहेत. फाट्यातून मुख्य रस्त्यावर येणारा चालक उजवीकडे बघतो, कारण पहिली गाडी तिकडूनच यायची. ट्रॅकवरून डावीकडून येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. दुतर्फा ट्रॅक शोभतो तो पणजीच्या पाटो ते रायबंदरच्या जुन्या बांधासारख्या रस्त्याला. बाजूला पाणी आणि मिठागरं, मध्ये फाटे जवळजवळ नाहीत. (तिथे रुंदी नाही, ते निराळं दुखणं. तो बांध १६३३-३४चा आहे.)

त्यामुळे दोनच मार्ग प्रामाणिक आहेत.

पहिला: ट्रॅक नाही. ताशी ३० किलोमीटरचा सामायिक रस्ता, ६ मीटरचा, फुटपाथ २-२ मीटर, उरलेल्या २ मीटरमध्ये गाड्यांचं पार्किंग आणि झाडं, ५०-६० मीटर डाव्या अंगाला, मग तेवढंच उजव्या अंगाला. रस्ता थोडा नागमोडी होतो आणि वेग आपोआप उतरतो. हे चालतं दिवसाला साधारण २,००० ते २,५०० गाड्यांपर्यंत. मोजायला सोपं आहे: गर्दीच्या एका तासात जितक्या गाड्या, त्याच्या दहापट म्हणजे ढोबळ दिवसभराच्या. तासाला २५०च्या आत असेल तर हा मार्ग धरा.

दुसरा: गाड्यांना एकेरी रस्ता. ३.५ मीटरची एक लेन (अग्निशामक बंबाला एवढी हवीच), दोन्ही बाजूंना २ मीटरचे ट्रॅक, ०.४५च्या मोकळ्या पट्ट्या, १.८चे फुटपाथ. बरोबर १२. पार्किंग शून्य. इथेच घोडं अडेल.

दुभाजक कुठल्याही स्थितीत नको. या रुंदीत दुभाजक म्हणजे मागची बस सायकलला घासूनच पुढे जाणार.

---

काळी_सायकल

साइडपट्टींचा हिशेब बरोबर, पण टोपलीचा मुद्दा त्यांनी एका ओळीत संपवला. तो थोडा ताणून सांगतो.

साधी काळी सायकल रिकामीच वीस किलोच्या आसपास भरते. पुढे ४४ दात, मागे १८ किंवा २०, गिअर नाही. मागच्या कॅरियरवर भरलेली टोपली किंवा हत्यारांची पिशवी आली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगायला लागतं. अशा सायकलला कर्बवर चढवता येत नाही, उचलता येत नाही आणि चढावर मध्येच थांबवली तर पुन्हा निघता येत नाही. म्हणून तिच्यासाठी ट्रॅकची रुंदी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे ट्रॅकवर चढायला-उतरायला किती ठिकाणी मिळतं.

पोदेर दर पन्नास पावलांवर थांबतो, दुहेरी स्टँड लावतो, पाव देतो, रस्ता ओलांडून समोरच्या घरी जातो. सलग उभा कर्ब किंवा लोखंडी कठडा घातलात तर तुम्ही त्याला पिंजऱ्यात घातलंत. तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक सोडून रस्त्यावर येईल आणि मग सगळे म्हणतील, बघा, सुविधा देऊनही वापरत नाहीत. उपाय साधा आहे. कर्ब तिरका घ्या, ४५ अंशांचा, उंची ५ सेंटिमीटर. पेडल खालच्या टोकाला असताना जमिनीपासून दहा सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ५ सेंटिमीटरला ते आपटत नाही आणि चाक घासलं तरी माणूस पडत नाही. १५ सेंटिमीटरच्या उभ्या कर्बला पेडल अडकतं आणि सायकलस्वार थेट गाडीच्या बाजूला फेकला जातो.

कामगारांचं मागणं वेगळं. ते उलट्या बाजूने येतात म्हणून सगळे ओरडतात. हायवेवर मेरशी, बांबोळीच्या बाजूला बघा, दुभाजकाचा कट लांब असतो. तिथपर्यंत जाऊन वळून परत यायचं म्हणजे ओझ्यासकट दुप्पट अंतर. उलट येणं हा बेशिस्तीपेक्षा अंतराचा प्रश्न आहे. दुभाजक टळणारच नसेल तर दर १५० ते २०० मीटरला सायकलपुरती फट मागा आणि तिथे दुभाजकाची रुंदी किमान २.५ मीटर मागा. सायकलची लांबी १.९ मीटर. १.२ मीटरच्या दुभाजकात थांबलं की पुढचं चाक एका लेनमध्ये आणि मागचं दुसऱ्या लेनमध्ये राहतं.

दिव्यांचंही लिहा. पोदेर उजाडायच्या आत निघतो आणि कामगार काळोख पडल्यावर परततो. बऱ्याच सायकलींना दिवा नसतो, असला तर मागे एक धुळकट रिफ्लेक्टर. खांब उंच आणि वर पावसाळी झाडांचा मांडव, त्यामुळे उजेड पानांवरच पडतो. झाडांखाली ४ ते ६ मीटर उंचीचे वेगळे दिवे हवेत आणि ते पहाटे टायमरने बंद होता कामा नयेत.

---

वॅट्स_आणि_वारा

इथे आता ‘रोडबाइकवाले लाडावलेले’ हे येईलच, त्याआधी आमची बाजू मांडतो.

आमच्या घोळक्याचा सपाटीवरचा वेग ३० ते ३५. दोन मीटरच्या ट्रॅकवर त्या वेगाने शाळकरी मुलाच्या शेजारून जाणं धोक्याचं आहे, आणि धोका मुलाला आहे. थांबण्याचं अंतर काढून बघा. प्रतिक्रियेला दोन सेकंद धरले, तर ३५च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, ३८ मीटरच्या आसपास लागतात. काळ्या सायकलचा वेग १५, पण दांड्यांचे ब्रेक आणि ओली क्रोमची रिम असेल तर तिलाही १७ मीटर लागतात. दोघांना एकाच पट्ट्यात कोंबून ‘आता रस्त्यावर दिसू नका’ म्हणणं कुणाच्याच भल्याचं नाही.

म्हणून आमची मागणी ट्रॅकविरोधी नाही. ट्रॅक बांधा, पण सक्तीचा करू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३८मध्ये पोटकलम आलं आहे, त्यानुसार बिनइंजिनाच्या वाहनांचा आणि पादचाऱ्यांचा वावर नियंत्रित करणारे नियम राज्य सरकार करू शकतं. म्हणजे एखाद्या पाटीने सायकलींना मुख्य रस्त्यावरून हाकलायचा मार्ग उघडा आहे. सूचनेत स्पष्ट लिहा: ‘ट्रॅक ऐच्छिक असावा, मुख्य रस्त्यावर सायकलबंदीची पाटी लावू नये.’

बाकी आम्हाला लागतं ते फार थोडं. डावीकडची एक मीटर पट्टी गुळगुळीत. गटाराच्या जाळ्या आडव्या पट्ट्यांच्या. आमचे टायर २५-२८ मिलिमीटरचे, रस्त्याच्या दिशेने पट्ट्या असल्या की चाक आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे. रबरी पट्ट्यांचे गतिरोधक नकोत, आयआरसी ९९मधला (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला) गोल उंचवटा चालेल: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा. त्यावरून सायकल तरंगत जाते आणि गाडीला मात्र २५वर यावं लागतं. रबरी पट्टीचं नेमकं उलटं आहे. जाडजूड टायरच्या मोठ्या गाडीला ती जाणवतही नाही, सायकलचा मात्र खुळखुळा.

---

शाळेची_वाट

वॅट्स दादा, ऐच्छिक ट्रॅकला माझा पाठिंबा, पण ‘फार थोडं लागतं’ हे फक्त तुमच्यापुरतं. दहा वर्षांच्या मुलीला रस्त्यावर सोडायचं तर आईबापाला जे दिसावं लागतं, ते डावीकडच्या एक मीटर गुळगुळीत डांबराने दिसत नाही.

मुलं सरळ रेषेत सायकल चालवत नाहीत. मागे बघायला मान वळवली की हँडलही वळतं. शिवाय डोळ्यांची पातळी जमिनीपासून १.१ ते १.३ मीटर. उभ्या गाडीच्या पलीकडचं त्यांना दिसत नाही आणि पलीकडच्याला ती दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक फाट्याच्या दोन्ही बाजूंना १० मीटर पार्किंग नाही, आणि तिथली कुंड्या-झुडपं ६० सेंटिमीटरच्या वर नाहीत, हे ट्रॅकपेक्षाही आधी मागा. नुसती पाटी पुरत नाही. तिथे फुटपाथ पुढे ओढून कोपरा भरून टाका, म्हणजे गाडी लावायला जागाच उरत नाही.

फाट्यांचं दुसरं: फाट्याच्या तोंडाशी मुख्य रस्त्याचा फुटपाथ आणि ट्रॅक त्याच उंचीवर सलग पुढे न्या. गाडीने ७.५ ते १० सेंटिमीटर चढून-उतरून जायचं, मुलांनी नाही. कोपऱ्याची त्रिज्या ४ ते ५ मीटर. आपल्याकडे दहा-बारा मीटरचे ऐसपैस कोपरे करतात, मग डावीकडे वळणारी गाडी ब्रेकला पायही लावत नाही आणि सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी येते.

थांब्यासाठी बसला खाच देऊ नका. बस खाचेत शिरताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, असं दोनदा सायकलच्या वाटेत येते. १२ मीटरमध्ये थांब्यामागून ट्रॅक फिरवायला जागा नाही (थांब्याचं बेट किमान २ मीटरचं लागतं), तेव्हा बस लेनमध्येच थांबू दे. वीस-तीस सेकंद मागचे सगळे थांबतील, मुलंसुद्धा.

आणि शाळा भरताना-सुटताना अर्धा तास त्या १०० मीटरमध्ये चारचाकी बंद. यात खर्च दोन अडथळ्यांचा आणि एका माणसाचा. पण खरी कुरबुर पालकांकडूनच येईल, कारण मुलांना गाडीतून सोडणारेही आपणच.

---

मेरशीकर

बरंच हाती लागलं, आभार. गाड्यांची मोजणी करतो. दोन शंका. ट्रॅकमध्ये स्कूटर शिरू नये म्हणून खांब किती अंतरावर लावायला सांगू? आणि पृष्ठभाग कसला? पेव्हर ब्लॉक सुचवताहेत, दिसायला बरे म्हणून.

---

उतारावरचं_पाणी

खांबांचं आधी आटपतो. स्कूटर अडवणारा खांब अस्तित्वात नाही. अॅक्टिव्हाची रुंदी ७० सेंटिमीटरच्या घरात, माउंटन बाइकचं हँडल ७४ ते ७८. जिथून सायकल जाते तिथून स्कूटर आधी जाते. फार तर चारचाकी अडवता येते, पण तिथेही १.५ मीटरचं अंतर पुरत नाही, जुनी अल्टो १.४९ मीटरची आहे. फट १.४ ठेवा. खांब ट्रॅकच्या दोन कडांना लावा, मधोमध नको. २ मीटरच्या ट्रॅकमध्ये मधोमध खांब आला की दोन्हीकडे ९०-९५ सेंटिमीटर उरतात, त्यात टोपली अडकते आणि रात्री घोळक्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला पुढच्याच्या पाठीमागे तो खांब दिसतच नाही. इंग्रजी झेडसारखं फिरवणारं गेट लावायचं कुणी सुचवलं तर हात जोडा. स्कूटरवाला मागून ढकलून नेतो, लांब सायकलवाला अडकतो.

स्कूटर ट्रॅकमध्ये शिरते कारण मुख्य रस्ता सर्कलपाशी तुंबलेला असतो. तुंबणं कमी केलंत तर शिरणं कमी होतं. दंडाची पावती हा दुसरा उपाय, तिसरा नाही.

आता पृष्ठभाग. इथे थोडा वेळ घेतो, कारण गोव्यातला सायकल मार्ग फसतो तो पहिल्या पावसाळ्यात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि पुस्तकातली चित्रं कोरड्या देशांतली.

पेव्हर ब्लॉक नको. ६० मिलिमीटरचा ब्लॉक तीन-चार सेंटिमीटर वाळूवर बसवतात. जूनमध्ये पाणी सांध्यांतून खाली जातं आणि कडेचा कर्ब नीट बसवलेला नसेल तर वाळू घेऊन बाहेर पडतं. ब्लॉक डुलायला लागतो. त्यावर एखादी गाडी चढवून लावली की तो बसतो आणि शेजारचा वर येतो. जुलैत सांध्यात शेवाळ धरतं, झाडाखाली तर हमखास. ब्लॉकच्या कडा छाटलेल्या असतात, त्यामुळे नवा असतानाही सायकलवर हाताला मुंग्या येतात. सायकलस्वाराने ट्रॅक सोडून शेजारच्या डांबरावर जायला एवढं कारण पुरतं.

डांबर घ्या. खाली १५ सेंटिमीटर दाबलेला खडीचा थर, त्यावर १० सेंटिमीटर वेट मिक्स (पाणी घालून कालवलेली खडी-भुकटी), वर ३० मिलिमीटर बारीक मिश्रण, छोट्या पेव्हर मशीनने. हाताने पसरलेलं डांबर लाटांसारखं होतं, गाडीला कळत नाही, सायकलला प्रत्येक लाट कळते. काँक्रीट करायचं तर एम ३० ताकदीचं, १५ सेंटिमीटर, झाडूने आडवे ओरखडे, आणि सांधे सुकल्यावर करवतीने कापलेले, ३ ते ५ मिलिमीटरचे. फळी लावून पाडलेले रुंद सांधे दर चार मीटरला ठक-ठक करतात.

हिरवा रंग संपूर्ण पट्ट्याला अजिबात नको. थर्मोप्लास्टिक (वितळवून लावायचा रस्त्याचा रंग) ओलं झालं की निसरडं, वर चमकीसाठी काचेचे मणी टाकले की आणखी निसरडं. रेघा आणि सायकलचं चिन्ह एवढंच रंगवा, रंगात खरखरीत वाळू मिसळायला सांगा आणि चिन्ह वळणावर काढू नका. वळताना सायकल तिरकी असते, तिथेच चाक सटकतं.

पाण्याचा उतार दोन टक्के. रस्त्याचं पाणी ट्रॅक ओलांडून गटारात जाईल अशी रचना सर्रास करतात, म्हणजे ट्रॅक हाच नाला. रस्त्याचं पाणी ट्रॅकच्या आधीच घ्या. रस्त्यात सपाट बसवलेल्या जाळीपेक्षा कर्बच्या पोटात तोंड असलेली मोरी बरी, दर १० ते १५ मीटरला. सपाट जाळी पानांनी भरते, मग कुणीतरी ती काढून ठेवतो आणि तळ्याखाली उघडं भोक राहतं. जाळी लागलीच तर पट्ट्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात, फट २० मिलिमीटरच्या आत. गटारावर आरसीसी लाद्या असतील तर दोन लाद्यांमधली प्रवासाच्या दिशेची फट १०-१२ मिलिमीटरच्या वर नको, आणि उचलायची कडी आत बुडालेली हवी.

तुमचा रस्ता खणून झालाय, हे सगळ्यात महत्त्वाचं. चर भरताना १५ ते २० सेंटिमीटरचे थर देऊन दाबायचे असतात. एकदम भरला तर पावसात तो खचतो. आडवा चर खचला तर सगळ्यांना धक्का बसतो म्हणून लगेच दुरुस्त होतो. डाव्या कडेने लांबलचक गेलेला चर खचला की चाकाला समांतर दोन-तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते. गाडीवाल्याला पत्ताही नसतो, सायकलचं पुढचं चाक मात्र त्या पायरीत धरलं जातं. एक पावसाळा तात्पुरत्या थरावर जाऊ द्या, मग वरचा कायमचा थर. वरचा थर घालताना चराच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर जुनं डांबर कापून घ्यायला सांगा, नाहीतर सांधा उघडतो.

आणि हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबराचा नवा थर. दर वेळी जुन्यावर चार-पाच सेंटिमीटर नवा थर, साइडपट्टी (डांबराकडेची मातीची पट्टी) मात्र तिथेच. तीन निवडणुका झाल्या की कड १२-१५ सेंटिमीटरची. बसने हॉर्न दिला म्हणून सायकलवाला खाली उतरतो आणि परत वर येताना पडतो. नवा थर घालण्याआधी जुना खरवडून काढणं हीच दुरुस्ती. ते नाहीच झालं तर डांबराची कड ३० ते ३५ अंशांत तिरकी दाबून घ्यायची आणि साइडपट्टी चिऱ्याच्या खडीने भरायची. नुसती तांबडी माती जूनच्या पहिल्या आठवड्यात गटारात.

---

काळी_सायकल

टोकाच्या सर्कलबद्दल कुणीच बोललं नाही. सर्कलच्या आत बाहेरच्या कडेने सायकलचा रंगीत पट्टा काढतात, तो सगळ्यात वाईट. डावीकडे बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तो पट्टा कापते. एका लेनचं लहान सर्कल असेल तर पट्टा काढू नका, सायकलने लेनच्या मधोमध जावं. पणजीच्या दिवजा सर्कलसारखं मोठं असेल तर ट्रॅक बाहेरून फिरवा आणि प्रत्येक रस्ता सर्कलपासून ५-६ मीटर मागे ओलांडू द्या, म्हणजे बाहेर पडलेली एक गाडी तिथे थांबू शकते आणि मागचं सर्कल अडत नाही.

सायकल लावायच्या जागेचंही मागा. चाक अडकवायची नागमोडी जाळी नको, तिच्यात रिम वाकते आणि काळी सायकल तर बसतच नाही. उलट्या ‘यू’ आकाराचा पाइप, ४० एनबी, उंची ७५ सेंटिमीटर, दोन पाइपांत १ मीटर, जमिनीत ३० सेंटिमीटर काँक्रीट. समुद्राच्या हवेत रंगवलेला साधा पाइप दोन पावसाळ्यांत जमिनीलगत कुजतो, गरम जस्ताचा मुलामा असलेलाच मागा. ३०४ स्टेनलेस स्टीलसुद्धा मिरामारच्या किनाऱ्याच्या बाजूला तांबूस डाग धरतं.

---

साइडपट्टी

पर्यटकांचं राहिलं. त्यांना मापं वेगळी लागत नाहीत, पाटी लागते. चोडण, दिवाडी बेटांवर जायचं असतं, फेरीधक्का कुठे ते कळत नाही आणि गुगल त्यांना हायवेवर घालतं. ‘रायबंदर फेरी ३ किमी’ अशी फाट्याआधी ३० मीटरवर एक पाटी, मराठी-कोंकणी-इंग्रजीत. बेतीच्या फेरीचीही लावा, मांडवीच्या पुलावर सायकल घालण्यापेक्षा फेरी बरी. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं आणि बोटीच्या लोखंडी फळीला ओठ असतो, तिथे ‘सायकलवरून उतरा’ एवढं लिहिलं तरी पुरे.

मेरशीकर, कागदावर आयआरसी ११ (२०१५) सायकल ट्रॅकसाठी आणि आयआरसी ९९ गतिरोधकांसाठी, असे मानकांचे क्रमांक जरूर घाला. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ सांगतं की ठरवलेली मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर आराखडा, बांधकाम वा देखभाल करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. क्रमांक लिहिलेला कागद फाइलीत राहिला की सही करणारा एकदा तरी ते पान उघडतो.

---

वॅट्स_आणि_वारा

शाळेची वाट, मुद्दा मान्य. १० मीटरची मोकळी कोपऱ्याची जागा मीही पहिल्या क्रमांकावर ठेवीन, आम्हालाही तीच वाचवते. गाडीचं दार उघडतं ते ९० सेंटिमीटर ते एक मीटर, त्यामुळे पार्किंगच्या शेजारून सायकलची वाट गेली तर मध्ये तेवढी जागा सोडायलाच हवी. सामायिक रस्ता झाला तर सायकलचं चिन्ह कडेला काढू नका, लेनच्या मध्यभागी काढा. कडेला काढलेलं चिन्ह सायकलला दारांच्या पट्ट्यात ढकलतं.

---

मेरशीकर

आज संध्याकाळी ५.३० ते ६.३० मोजलं. दोन्ही दिशा मिळून ४१० गाड्या, त्यात स्कूटर-मोटरसायकली २६०. सायकली ३७. आता कुठला मार्ग?

---

साइडपट्टी

४१० म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आसपास, सामायिक रस्त्याच्या मर्यादेबाहेर. दुचाकी अर्ध्या धरल्या तर १५० अधिक १३०, २८०. सीमेवर. शेजारून समांतर रस्ता असेल तर एकेरीची मागणी धरा. नसेल तर सामायिक मागा, पण त्याबरोबर टोकाला किंवा मध्ये एका ठिकाणी फक्त सायकल आणि पायी जाता येईल असा अडथळा घालून नुसती आरपार जाणारी वाहतूक तोडायची अट घाला. तिच्याशिवाय ३०ची पाटी नुसती पाटी. आणि सकाळी ७.३० ते ८.३० पुन्हा मोजा, शाळेचा तास संध्याकाळसारखा नसतो.

---

उतारावरचं_पाणी

मोजताय तर आणखी एक करा. पहिला जोरदार पाऊस थांबला की अर्ध्या तासाने खडू आणि तीन मीटरची सरळ पट्टी घेऊन डाव्या कडेने चालत जा. जिथे पाणी साचलं असेल तिथे खडूने कड आखून, पट्टी ठेवून खोली मोजा. पाच मिलिमीटरच्या वर असेल तर त्या जागेचा फोटो, शेजारच्या विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा घ्या. ठेकेदाराच्या दोषदुरुस्तीच्या मुदतीत खांबाच्या नंबरासकट यादी दिली की ‘जागा सापडली नाही’ असं लिहून फाइल परत पाठवता येत नाही.